मराठी-हिब्रू पुस्तिका: एकच फाइल तीन संगणकांवर फिरवताना मजकूर का विस्कटतो?

ओटीवरून

नमस्कार. पेसाख या ज्यू सणाच्या रात्री आमच्या घरी जी हग्गादा, म्हणजे त्या सणाची पोथी, वाचली जाते, तिची एक घरगुती पुस्तिका तयार करण्याचे काम मी अंगावर घेतले आहे. वर हिब्रू मूळ आणि खाली मराठी अर्थ अशी तिची मांडणी आहे. आमच्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल ज्यू समाजाला ही मांडणी नवी नाही. मराठी अर्थासह हग्गादा १८४६ साली मुंबईत शिळाछापावर निघाली आणि १८७४ साली पुण्यातही छापली गेली. त्या काळच्या छापखान्यांनी जे निभावले, ते मला संगणकावर जमेना, म्हणून हा धागा काढत आहे.

काम तीन ठिकाणी चालते. माझी आत्या अश्दोदला असते आणि विंडोजवरील वर्डमध्ये हिब्रू मजकूर निक्कुदसह, म्हणजे अक्षरांखालच्या-वरच्या स्वरखुणांसह, टाइप करते. मी ठाण्यात उबुंटूवर लिबरऑफिसमध्ये त्याखाली मराठी अर्थ लिहितो. आतेभाऊ लोदला मॅकवर पानांची रचना पाहतो. फाइल अश्दोदहून निघून ठाणे आणि लोद अशी फिरून पुन्हा आत्याकडे पोहोचेपर्यंत तिच्यात चार प्रकारचे बिघाड झालेले असतात. हिब्रूचे वळण प्रत्येक ठिकाणी वेगळे दिसते आणि काही ठिकाणी निक्कुद अक्षराखालून सरकून शेजारी जाऊन बसते. मी मराठीचा फाँट बदलला की हिब्रूचाही बदलतो. मराठी वाक्यात 'तेहिलीम' (स्तोत्रे) हा शब्द हिब्रूत लिहून पुढे अध्यायाचा आकडा टाकला, तर तो आकडा शब्दाच्या डावीकडे उडी मारतो. शिवाय उजव्या समासाला लागलेले परिच्छेद मधूनच डाव्या समासाला चिकटतात.

प्रत्येक फेरीनंतर दोन-दोन तास नुसत्या दुरुस्तीत जातात. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

कागदीघोडा

पीडीएफ पाठवा, विषय संपला. फाँट फाइलमध्येच बसतो आणि पान जसे आहे तसे दिसते.

ओटीवरून

कागदीघोडा, छपाईसाठी पीडीएफच जाणार आहे. पण त्याआधी तिघांनी त्याच मजकुरावर आळीपाळीने हात फिरवायचा आहे आणि पीडीएफमध्ये ते शक्य नाही. तो प्रयोगही करून पाहिला. पीडीएफमधून हिब्रू ओळ कॉपी करून लिबरऑफिसमध्ये चिकटवली, तेव्हा अक्षरे उलट क्रमाने उतरली, म्हणजे शेवटचे अक्षर पहिले आणि पहिले शेवटचे.

खिळेजुळारी

पीडीएफमधून उलट येण्याचे कारण सोपे आहे. पीडीएफ हा पानावरील आकृत्यांच्या जागांचा हिशेब असतो. त्यात शब्दांचा वाचनक्रम नोंदलेला असेलच असे नाही, त्यामुळे काही वाचक-प्रणाली आकृत्या डावीकडून उजवीकडे वेचून तुमच्या हाती देतात. म्हणून हिब्रू मजकूर पीडीएफमधून परत मिळवण्याच्या भानगडीत कधीही पडू नये.

मी तीस वर्षे डीटीपीच्या धंद्यात आहे. युनिकोड, म्हणजे सर्व लिपींसाठीचे एकच संकेतन, येण्यापूर्वीच्या मराठी फाँटांमध्ये केलेली फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसायचा, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. हिब्रूनेही तेच भोगले आहे आणि त्याची बाराखडी लहान असल्यामुळे ते समजायला अधिक सोपे जाते. हिब्रूत २२ अक्षरे आहेत आणि त्यांपैकी पाचांची शब्दाच्या अखेरीस येणारी निराळी रूपे धरली की एकूण २७ आकृत्या होतात. संगणक प्रत्येक अक्षर एका क्रमांकाने साठवतो. जुन्या सात-बिटी पद्धतीत त्या इंग्रजी छोट्या लिपीच्या जागेवर बसवल्या होत्या. आलेफ ९६ क्रमांकावर आणि ताव १२२ वर, म्हणजे जिथे छोटा 'झेड' असतो तिथे. डॉसच्या ८६२ क्रमांकाच्या संकेततक्त्यात आलेफ १२८ वर गेले आणि विंडोजच्या १२५५ क्रमांकाच्या तक्त्यात २२४ वर. विंडोजच्या हिब्रू तक्त्यातील मजकूर पश्चिम युरोपीय तक्ता लावून उघडला, तर 'शालोम' हा चार अक्षरी शब्द टोप्या चढवलेल्या यू, आय, ए, आय अशा अक्षरांचा दिसतो. तेवढ्या एका शब्दावरून फाइल कोणत्या घराण्यातली आहे हे ओळखता येते.

तुमच्या पुस्तिकेत अशी एखादी जुनी फाइल मिसळली आहे का? असल्यास आधी तिचा निकाल लावू, मग बाकीचे.

ओटीवरून

खिळेजुळारी, आपण नेमके बोट ठेवले. आजोबांच्या एका मित्राने फार पूर्वी टाइप केलेली आशीर्वचनांची एक साधी टेक्स्ट फाइल आहे आणि ती अगदी आपण वर्णन केल्याप्रमाणेच टोप्यांची दिसते. मी ती बाद समजून बाजूला ठेवली होती.

खिळेजुळारी

ती बाद नाही. लिबरऑफिसमध्ये फाइल उघडताना प्रकार म्हणून 'टेक्स्ट, संकेतन निवडा' हा पर्याय घ्यावा आणि पुढच्या चौकटीत हिब्रूचा विंडोज-१२५५ तक्ता निवडावा. अक्षरे हिब्रू दिसली, परंतु प्रत्येक ओळ उलटी असली, तर ती फाइल 'दृश्य क्रमा'त साठवलेली आहे असे समजावे. पडद्यावर डावीकडून जसे दिसते तसेच साठवण्याची ती जुनी रीत होती. युनिकोडमध्ये मजकूर नेहमी वाचनक्रमाने साठवतात आणि दाखवताना फिरवतात. अशा फाइलमधील प्रत्येक ओळ एकदा उलटवून घ्यावी लागते. मात्र तिच्यातील आकडे त्याबरोबर उलटू देऊ नयेत, कारण ते मुळातच सुलट साठवलेले असतात.

उजवाडावा

आता मुख्य दुखण्याकडे येतो. मी एका भाषांतरसंस्थेसाठी अरबी, हिब्रू आणि मराठी दस्तऐवज तपासतो. आपल्या पहिल्या दोन तक्रारींचे, म्हणजे वळण बदलण्याचे आणि मराठीबरोबर हिब्रू बदलण्याचे, मूळ एकच आहे. ते बहुतेकांच्या लक्षात येत नाही, कारण हिब्रू-इंग्रजी दस्तऐवज करणाऱ्याला ही अडचण फारशी जाणवत नाही. ती खास हिब्रू आणि मराठी एकत्र आले की डोके वर काढते.

लिबरऑफिस प्रत्येक शैलीत फाँटासाठी तीन कप्पे ठेवते. पहिला पाश्चात्त्य लिपींचा, दुसरा चिनी-जपानी-कोरियन लिपींचा आणि तिसरा 'जटिल मांडणी'च्या लिपींचा. अरबी, हिब्रू, थाई आणि देवनागरी या साऱ्या तिसऱ्याच कप्प्यात जातात. वर्डमध्येही 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' नावाचा असाच कप्पा आहे, आणि त्याला स्वतंत्र फाँट, स्वतंत्र आकार, स्वतंत्र ठळकपणा आणि स्वतंत्र भाषा असते. इंग्रजी आणि हिब्रू एकत्र असतील, तर एक पहिल्या कप्प्यात आणि दुसरी तिसऱ्यात राहते आणि दोघींचा संसार सुखाने चालतो. मराठी आणि हिब्रू मात्र एकाच खोलीत कोंबल्या जातात. तुम्ही त्या कप्प्यात मराठीचा फाँट ठेवलात की हिब्रूलाही तोच लागू होतो.

त्या मराठी फाँटात हिब्रू अक्षरे नसतातच. तरीही पडद्यावर हिब्रू दिसते, कारण प्रणाली मुकाट्याने संगणकावरचा दुसरा एखादा फाँट उसना घेते. उबुंटूवर एक मिळतो, मॅकवर दुसरा आणि विंडोजवर तिसरा. त्यामुळे तीन गावांत तीन वळणे दिसतात. निक्कुद सरकण्याचे कारणही बहुधा यातच सापडेल. उसन्या फाँटात अक्षरे असली, पण स्वरखुणा नसल्या किंवा त्या बसवण्याची कोष्टके नसली, तर खूण आणखी तिसऱ्याच फाँटातून येते आणि तिला अक्षराच्या पोटाखाली कुठे बसायचे ते ठाऊक नसते. शब्दतपासणीच्या लाल नागमोडी रेषा हिब्रूखाली सर्वत्र दिसत असतील, तर त्याचेही कारण हेच आहे. त्या कप्प्याची भाषा मराठी लावलेली असल्यामुळे हिब्रू शब्द मराठी शब्दकोशात शोधले जातात.

उपाय असा की मूळ शैलीतील तिसरा कप्पा मराठीसाठी सोडून द्यावा आणि हिब्रूसाठी एक वेगळी अक्षरशैली तयार करावी. तिला स्पष्ट नाव द्यावे, उदाहरणार्थ 'हिब्रू अक्षर'. त्या शैलीच्या जटिल कप्प्यात हिब्रूचा फाँट, हिब्रूचा आकार आणि हिब्रू ही भाषा, असे तिन्ही ठरवून द्यावे. निक्कुदसह हिब्रू मराठीपेक्षा थोडे मोठे ठेवल्याशिवाय वाचता येत नाही, त्यामुळे मराठी १२ असेल तर हिब्रू १६ ठेवून पाहावे. पूर्ण हिब्रू परिच्छेदांसाठी 'हिब्रू परिच्छेद' अशी दुसरी शैली करावी आणि दिशा उजवीकडून डावीकडे ही तिच्यातच बांधून टाकावी. हाताने निवडून फाँट बदलणे तिघांनीही पूर्णपणे बंद करावे, कारण सगळा घोळ त्या हातच्या बदलांतून वाढत जातो.

अश्दोदकर

शालोम आणि नमस्कार. धागा वाचून आनंद झाला, कारण आमच्या घरी आईची जुनी गाणी मराठीत आणि मुलांची उत्तरे हिब्रूत, असा हा द्विभाषिक दस्तऐवज रोजच चालू असतो.

उजवाडावा यांनी फाँटाचे सांगितले, त्यात इथल्या अनुभवाची भर घालतो. इस्रायलमध्ये कार्यालयीन पत्रे वर्षानुवर्षे 'डेव्हिड' या वळणात टाइप होत आली आहेत आणि आपल्या आत्याबाईंची फाइलही बहुधा त्यातच असेल. विंडोज १० पासून डेव्हिड, मिरियम, नार्किसीम, फ्रँकरूल हे सारे फाँट 'हिब्रू पूरक फाँट' नावाच्या ऐच्छिक गठ्ठ्यात गेले. हिब्रू भाषा बसवलेल्या संगणकावर ते आपोआप येतात, इतरत्र मागून घ्यावे लागतात. म्हणजे भारतात एखाद्याने विंडोज घेतले, तरी डेव्हिड तिथे असेलच असे नाही, मग उबुंटूची गोष्टच सोडा.

माझा सल्ला असा की जो फाँट तिघांनाही विनामूल्य आणि कायदेशीरपणे बसवता येतो, तोच निवडावा. 'डेव्हिड लिब्र' आणि 'फ्रँक रूल लिब्र' हे दोन्ही मुक्त परवान्याखाली आहेत आणि दोन्हींत निक्कुद आहे. लिनक्सवर 'कुल्मस' या प्रकल्पाचे फाँटही मिळतात. तोराहच्या पठणखुणा, म्हणजे तेआमीम, हव्या असतील तर 'एसबीएल हिब्रू' किंवा 'एझ्रा एसआयएल' यांच्याकडे वळावे लागते. परंतु हग्गादेला त्यांची गरज नाही, तेव्हा ते ओझे उगाच घेऊ नये.

मॅकबद्दल एक जुनी आठवण. ऑफिस २०११ पर्यंत मॅकच्या वर्डमध्ये हिब्रूला उजवीकडून लिहिण्याचा आधारच नव्हता, तो २०१६ च्या आवृत्तीत आला. त्याआधी इथले मॅकवाले 'मेलेल' हा इस्रायलमध्येच तयार झालेला शब्दसंपादक वापरत. लोदच्या भावाकडे अजून जुने ऑफिस असेल, तर पुढची सगळी चर्चा वाया जाईल, म्हणून ते आधी विचारून घ्यावे.

ओटीवरून

विचारले. त्याच्याकडे नवी आवृत्ती आहे. आत्याचा फाँट डेव्हिडच निघाला. आणि माझ्या फाइलच्या जटिल कप्प्यात मराठीचा फाँट होता, हे मी आत्ताच पाहिले. म्हणजे घोळ बऱ्याच अंशी ठाण्यातच होत होता. आत्याला मी गेले महिनाभर फोनवर जे ऐकवले, ते आता परत घ्यावे लागेल.

आकड्याच्या उडीबद्दल कुणी सांगेल का?

उजवाडावा

तो माझा आवडीचा विषय आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

युनिकोडच्या द्विदिशा नियमांनुसार प्रत्येक चिन्हाला दिशेचा स्वभाव असतो. हिब्रू अक्षरे ठामपणे उजवीकडून डावीकडे जातात, तर रोमन आणि देवनागरी अक्षरे तितक्याच ठामपणे डावीकडून उजवीकडे. इंग्रजी आकडे मात्र दुबळे असतात. त्यांचे आपापसातले अंक डावीकडून उजवीकडेच लागतात, पण तो आकडा ओळीत कुठे बसणार हे आधीचे ठाम अक्षर ठरवते. पूर्णविराम, कंस, मोकळी जागा ही चिन्हे बहुतांशी शेजाऱ्यांच्या कलाने वागतात.

आता आपले उदाहरण घ्या. मराठी परिच्छेदात हिब्रूतील 'तेहिलीम' हा शब्द, मग मोकळी जागा, मग इंग्रजी आकड्यांत तेवीस. आकड्याच्या आधीचे शेवटचे ठाम अक्षर हिब्रू आहे, त्यामुळे आकडा हिब्रूच्या प्रवाहात ओढला जातो. हिब्रू वाचणाऱ्याच्या दृष्टीने 'शब्दानंतर' म्हणजे शब्दाच्या डावीकडे, म्हणून तो तिथे जाऊन बसतो. नियमाप्रमाणे हे बरोबरच आहे, मराठी डोळ्याला मात्र ते उडी मारल्यासारखे दिसते.

गंमत पुढे आहे. तोच आकडा देवनागरीत २३ असा लिहिला, तर तो उडी मारत नाही. कारण युनिकोडने देवनागरी अंकांना इंग्रजी आकड्यांप्रमाणे दुबळे न ठेवता अक्षरांसारखे ठाम मानले आहे. मराठी मजकुरात देवनागरी अंक वापरायचे एवढे ठरवले, तरी आपली निम्मी डोकेदुखी कमी होईल. जिथे इंग्रजी आकडेच हवे असतील, तिथे हिब्रू शब्द आणि आकडा यांच्यामध्ये 'डावीकडून उजवीकडे' ही अदृश्य खूण घालावी. लिबरऑफिसमध्ये ती समाविष्ट करण्याच्या यादीत स्वरूपणचिन्हांच्या गटात मिळते आणि वर्डमध्ये विशेष चिन्हांच्या यादीत.

याउलट हिब्रू परिच्छेदात आकड्यांची कक्षा लिहिताना जपावे. 'दहा ते बारा' दाखवताना दोन इंग्रजी आकड्यांमध्ये साधे छोटे संयोगचिन्ह असेल, तर नियम ते आकड्यांचाच भाग मानतो आणि दहा डावीकडे, बारा उजवीकडे राहतो. पण शब्दसंपादकाने आपली आपणच ती रेघ लांब केली, तर ती रेघ तटस्थ ठरते आणि बारा डावीकडे, दहा उजवीकडे दिसू लागतो. टाइप करणाऱ्याने काहीच बदललेले नसते, फक्त आपोआप दुरुस्तीची सोय चालू असते. ती या फाइलपुरती तिन्ही ठिकाणी बंद करावी.

खिळेजुळारी

कंसांबद्दलही लिहा. माझ्या माहितीत सर्वांत जास्त पुस्तके कंसांनी बिघडवली आहेत.

उजवाडावा

खरे आहे. कंसाची खूण 'डावा' किंवा 'उजवा' अशी साठवलेली नसून 'उघडणारा' आणि 'मिटणारा' अशी असते, आणि हिब्रूत दाखवताना तिचे प्रतिबिंब दाखवले जाते. एखाद्याला पडद्यावर कंस उलटा दिसला, म्हणून त्याने तो पुसून दुसरा कंस टाकला, तर त्याच्या संगणकावर तो सुलट दिसेल, पण फाइलमध्ये दोन मिटणारे कंस तयार होतील आणि पुढच्या संगणकावर विचका होईल. कंसांच्या जोडीला एकत्र वागवण्याचा नियम युनिकोडमध्ये २०१३ साली, ६.३ या आवृत्तीत आला. त्याआधीच्या प्रणाली तीच ओळ वेगळी दाखवू शकतात. म्हणून कंस उलटा दिसला, तर कंसाला हात न लावता आधी परिच्छेदाची दिशा तपासावी.

आणखी एक फरक लक्षात ठेवावा. वर्ड मजकुराच्या प्रत्येक तुकड्यावर 'हा उजवीकडून डावीकडे' अशी स्वतःची खूण ठेवतो, आणि ती बहुधा टाइप करताना कोणता कीबोर्ड चालू होता त्यावरून लागते. लिबरऑफिस मुख्यतः अक्षरांच्या स्वभावावरून दिशा ठरवते. त्यामुळे आत्याबाईंनी हिब्रू शब्दानंतरचा पूर्णविराम इंग्रजी कीबोर्डवर जाऊन टाकला असेल, तर तो दोन प्रणालींत दोन टोकांना दिसू शकतो. हिब्रू वाक्याचे विरामचिन्ह हिब्रू कीबोर्ड चालू असतानाच टाकावे, हा साधा नियम त्यांना सांगून ठेवावा.

कागदीघोडा

माझ्या पहिल्या प्रतिसादाबद्दल दिलगीर आहे, विषय खरोखरच खोल आहे. मग परिच्छेद डाव्या समासाला का चिकटतात? तिथे तर आकडे नाहीत, कंसही नाहीत.

खिळेजुळारी

हे मी एकदा फाइल उसवून पाहिले होते, ते सांगतो. डॉक्स ही वर्डची फाइल प्रत्यक्षात झिप केलेली पेटी असते. तिची प्रत काढून नावाचे शेपूट 'झिप' असे बदलले आणि ती उघडली, की आत 'वर्ड' नावाच्या कप्प्यात मुख्य दस्तऐवजाची एक्सएमएल फाइल मिळते. ती साध्या टेक्स्ट संपादकात उघडावी. हिब्रू परिच्छेदाच्या सुरुवातीला 'बायडाय' (द्विदिशा) अशी एक खूण दिसते आणि जवळच समासाची खूण असते. गोंधळ या समासाच्या खुणेत आहे. उजवीकडून सुरू होणाऱ्या परिच्छेदात तिथे 'लेफ्ट' असे लिहिलेले असेल, तर वर्ड त्याचा अर्थ 'सुरुवातीची बाजू' असा घेतो, म्हणजे मजकूर उजव्या समासाला लागतो. शब्द डावा आणि अर्थ उजवा! ही फाइल वाचणाऱ्या दुसऱ्या एखाद्या प्रणालीने तो शब्द शब्दशः घेतला किंवा लिहिताना उलट-सुलट भाषांतर केले, तर परिच्छेद पलीकडच्या समासावर जाणारच. स्वरूपाच्या काटेकोर आवृत्तीत म्हणूनच 'सुरुवात' आणि 'शेवट' असे शब्द घेतले आहेत, पण रोजच्या फाइली सहसा जुन्या रूपातच साठवल्या जातात.

यावर तोडगा म्हणजे समास हाताने लावूच नये. दिशा आणि समास दोन्ही शैलीत एकदाच ठरवावे. आणि फाइलचे रूप वारंवार बदलू नये. आपण ओडीटीमध्ये, म्हणजे लिबरऑफिसच्या स्वतःच्या मुक्त स्वरूपात, काम करून डॉक्स म्हणून पाठवता का?

ओटीवरून

होय. स्वतःसाठी ओडीटी ठेवतो, त्यातूनच डॉक्स काढून पाठवतो आणि परत आलेले डॉक्स पुन्हा ओडीटीत साठवतो.

उजवाडावा

मुक्त स्वरूपाबद्दल मलाही आस्था आहे, परंतु तिघांपैकी दोघे वर्ड वापरत असताना फिरणारी फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत डॉक्सच असावी. प्रत्येक रूपांतरात थोडे गळते. ओडीटी हवी असल्यास काम संपल्यावर एकदाच काढावी.

खिळेजुळारी

येथे माझे मत थोडे वेगळे आहे. पानांची अंतिम रचना जिथे होणार, तिथले स्वरूप धरावे. पण इथे ती मॅकवरील वर्डमध्ये होणार आहे, त्यामुळे निष्कर्ष तोच निघतो.

अश्दोदकर

निक्कुदविषयी एक गोष्ट राहिली. आत्याबाई आणि मी एकच शब्द टाइप केला, तरी तो फाइलमध्ये दोन प्रकारे साठवला जाऊ शकतो. समजा बेत या अक्षराच्या पोटातला ठिपका, म्हणजे दागेश, मी आधी टाकला आणि खालचा स्वर नंतर. त्यांनी स्वर आधी टाकला. दिसायला दोन्ही सारखेच, पण शोधायला गेल्यास एक सापडतो आणि दुसरा सापडत नाही. युनिकोडच्या प्रमाणीकरणात स्वर आधी आणि दागेश नंतर असा क्रम लागतो, तो टाइप करण्याच्या स्वाभाविक क्रमाच्या उलट आहे. शिवाय काही जुन्या मजकुरांत 'दागेशासह बेत' असे एकच जोडचिन्ह वापरलेले असते. म्हणून 'शोधा आणि बदला' करताना निक्कुदरहित शब्दांवर भरवसा ठेवावा किंवा डोळ्यांनी तपासावे.

आणि संक्षेपांतील दुहेरी खुणेसाठी इंग्रजी अवतरणचिन्ह न वापरता हिब्रूचे स्वतःचे गेर्शायिम हे चिन्ह घ्यावे. इंग्रजी अवतरणचिन्ह आपोआप वाकडे होते आणि संक्षेपाच्या मध्येच विचित्र दिसते.

ओटीवरून

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गेल्या दोन आठवड्यांत जे केले ते सांगतो.

आत्याची अगदी पहिली, कुणाचाही हात न लागलेली फाइल मागवली. तिघांनीही डेव्हिड लिब्र बसवून घेतला. हिब्रूच्या दोन शैली केल्या आणि आत्याला व्हिडिओ कॉलवर दाखवल्या. तिने "म्हणजे हे अंगरखे शिवून ठेवायचे आणि नुसते चढवायचे", असे म्हणून विषय एका वाक्यात उरकला. मराठी मजकुरातील सर्व आकडे देवनागरीत केले. आपोआप दुरुस्ती तिन्ही ठिकाणी बंद केली. काल फाइल पूर्ण फेरी मारून परत आली. वळण, निक्कुद, आकडे आणि समास जसेच्या तसे होते. ती टोप्यांची फाइलही विंडोज-१२५५ लावून उघडली आणि आतली आशीर्वचने ओळींच्या सुलट क्रमात निघाली.

दोन गोष्टी शिल्लक आहेत. हग्गादेतील चार प्रश्नांचे पान मी दोन रकान्यांच्या तक्त्यात मांडले आहे, उजवीकडे हिब्रू आणि डावीकडे मराठी. ते आत्याकडे बरोबर दिसते आणि माझ्याकडे रकान्यांची अदलाबदल होते. दुसरी गोष्ट पुस्तिकेच्या बांधणीची. ठाण्यातल्या छापखान्याने विचारले की शिवण डावीकडे की उजवीकडे, आणि माझ्याकडे उत्तर नव्हते.

उजवाडावा

परिच्छेदाप्रमाणे तक्त्यालाही स्वतःची दिशा असते आणि ती परिच्छेदाच्या दिशेपासून स्वतंत्र असते. दिशा उजवीकडून असेल, तर पहिला रकाना उजवीकडे येतो. आपल्याकडे तक्त्याच्या गुणधर्मांत मजकुराची दिशा कोणती दिसते ते पाहावे आणि ती 'उजवीकडून डावीकडे' करून पुन्हा साठवावे. तरीही अदलाबदल झालीच, तर तक्ता सोडून द्यावा आणि हिब्रूखाली मराठी हीच मांडणी त्या पानावरही ठेवावी. एका पानासाठी तिघांचा वेळ घालवण्यात अर्थ नाही.

खिळेजुळारी

शिवणीचा निर्णय आधी घ्या, कारण समासांची रुंदी आणि पानांचे आकडे त्यावर ठरतात. हिब्रू पुस्तक उजव्या शिवणीचे, मराठी डाव्या. दोन्ही असताना जी भाषा मोठ्याने वाचली जाणार आहे, तिच्या बाजूने कौल द्यावा, असे मी म्हणेन. उजवी शिवण ठरल्यास पृष्ठशैलीची दिशाही उजवीकडून करावी. पीडीएफ लिबरऑफिसमधून काढणार असाल, तर निर्यातीच्या चौकटीत समोरासमोरची पाने दाखवताना 'पहिले पान डावीकडे' असा पर्याय जटिल लिपींचा आधार चालू असताना मिळतो, तो निवडावा. छापखान्याला मात्र तोंडी सांगण्यावर भागवू नका. कोरे कागद दुमडून, त्यांवर पानांचे आकडे हाताने घालून एक नमुना द्या.

ओटीवरून

तक्त्याची दिशा माझ्याकडे डावीकडून निघाली. बदलली आणि रकाने जागेवर आले.

शिवणीचे आत्याला विचारले. ती म्हणाली की सेदरच्या, म्हणजे पेसाखच्या भोजनविधीच्या, ताटासमोर बसून तिच्या वडिलांनी पुस्तक नेहमी उजवीकडून उघडले आणि मराठी अर्थ येताच ते बोट खालच्या ओळीवर न्यायचे. आज सकाळी चार कागद दुमडून, उजव्या बाजूला दोरा घालून नमुना छापखान्यात देऊन आलो.